शर्यतीचा वाटा

वरोरचा नथूदादा यायच्या आधी त्याच्या सायकलचा वास यायचा. साखळीला तो मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावायचा. होडीच्या लाकडात पाणी मुरू नये म्हणून मच्छीमार चोपडतात तेच हे तेल. एकदा नाकात गेलं की जन्मभर ओळखता येतं. तलासरीला शेतमजुरांच्या संघटनेची कचेरी होती, म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. मी तिथे राहायचो, पत्रकं लिहायचो आणि त्याच पत्रकांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपायचो. नथूदादा ओसरीच्या खांबाला सायकल टेकवून डोंगराकडे पळत जायचा. पुढचे दोन दिवस आमच्या क्रांतीला मुशीचा वास यायचा.

"दादा, दुसरं तेल नाही का मिळत?" मी एकदा न राहवून विचारलं.

"मिळतं की, कामरेड. पण शर्यतीत लोक दुसऱ्याच्या मागं सायकल लावतात, वारा चुकवायला. माझ्या मागं लावून बघू दे कुणाला."

तो मांगेला समाजातला, मामाच्या होडीवरच्या पाच जणांतला एक खलाशी. जाळी ओढून ओढून खांदे रुंद झालेले आणि खाली पाय काटक्यांसारखे. एका माणसाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागावर बसवला असावा, असं दिसायचं. चाळिशीला आला होता. त्याला दोन वेडं होती, रस्त्यावर सायकल आणि डोंगरवाटांवर दौड. दोन्हींतून त्याला काडीची कमाई नव्हती. मी हे अभिमानाने लिहितो आहे, आणि का ते पुढे सांगतो.

डहाणूला फौजेतून परत आलेले एक हेडमास्तर होते. त्यांनी सव्वीस जानेवारीला एक शर्यत सुरू केली. डहाणूहून निघायचं, आशागडवरून मुंबई-गुजरातच्या मोठ्या रस्त्याला लागायचं आणि तलासरीपर्यंत सायकल हाणायची. तिथे मैदानात सायकल टाकून मागच्या टेकडीवर जंगलवाटेने पळत चढायचं आणि पळतच खाली यायचं. शर्यतीला उतरणारी पोरं दिवाळी झाली की सरावाला लागायची. थंडीचा मोसम, कोरडे रस्ते, कडेला उभे राहून बघणारे लोक.

नथूदादा त्या दिवसांत समुद्रावर असायचा. त्याला सवड मिळायची ती आषाढ-श्रावणात, जेव्हा समुद्र बंद असतो आणि होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या असतात. त्या दिवसांत बाकीचे मच्छीमार जाळी दुरुस्त करतात, गप्पा मारतात, दुपारी झोपा काढतात. नथूदादा सकाळी आपल्या वाटणीचं जाळं शिवून संपवायचा आणि सायकल काढायचा. शर्यत थंडीत आणि सराव भर पावसात! वरोरपासून डहाणूपर्यंत त्याच्यावर हसायला प्रत्येक नाक्यावर कुणी ना कुणी तयार असे.

"अरे नथू, शर्यत झाली की राहिली?"

"झाली. ह्या वर्षीची."

"मग आता कशाला मरतोस?"

"आता कुणी बघत नाही ना, म्हणून."

मसोलीच्या सायकलवाल्याने तर त्याच्या टायरला हात लावायचं सोडलं होतं. चिखल खरवडून आणल्याशिवाय पंक्चर काढणार नाही, असं त्याने साफ सांगितलं होतं.

नथूदादाची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. मीही एक-दोनदा त्याच्याबरोबर सायकल काढली होती, त्यामुळे मला ती माहीत आहे. आशागडच्या पुढे चढ लागला की मी पायडलवर उभा राहायचो. तो खेकसायचा, "बस खाली! उभा राहिलास की चढाला कळतं तू घाबरलास ते." डोंगरावर पळताना तो अनवाणी असायचा. तांबड्या निसरड्या मातीत तो पायाची बोटं अशी रोवायचा की मागे नुसती पाच भोकं दिसायची. उतारावर आमच्यासारखी माणसं पाय टाकतात आणि घसरतात. तो म्हणायचा, "उतारावर पाय टाकायचा विचारच करायचा नाही. नुसता उचलत राहायचा. पडायचं काम तो आपण होऊन करतो."

तलासरीच्या डोंगरात तो पहिल्यांदा पळाला तेव्हा भलताच प्रकार झाला. पाऊस थांबला होता. नथूदादा धोतर खोचून, रिकाम्या हाताने, एका वारली पाड्यातून धावत गेला. बघता बघता पाडा ओस पडला. बाप्ये रानात पळाले, बायांनी पोरं उचलून दारं लावली. त्या मुलखात दहा-बारा वर्षांपूर्वी वारल्यांच्या उठावात जे झालं ते लोक विसरले नव्हते. तेव्हा असा कुणी अनोळखी माणूस धावत आला, की त्याच्यामागून सावकाराची माणसं नाही तर पोलिसांच्या लाठ्या यायच्या. नथूदादा बिचारा पाड्याच्या टोकाला थांबून माणसं कुठे गेली म्हणून बघत राहिला.

शेवटी झाडामागून लाडक्या बाहेर आला. लाडक्या म्हणजे आमच्या संघटनेचा त्या पाड्यावरचा माणूस. वयाने नथूदादाएवढाच, पण जिभेने फार पुढे.

"कोण मेला?" लाडक्याने विचारलं.

"कोण नाय."

"मागून कोण येतो?"

"कोण नाय."

"मग पळतो कशाला?"

"सराव."

लाडक्याने त्याला नखशिखांत बघितलं. "अंगानं मोठा झालास, मांगेल्या, पण डोकं लहानच राहिलं. समुद्र सोडून इकडं माणसांना भेव दाखवायला आला! पळायचं तर पळ, पण आधी ओरडून सांगत जा."

त्या दिवसापासून नथूदादा कुठल्याही पाड्यात शिरायच्या आधी लांबूनच हाळी द्यायचा, "मागं कोण नाय! मागं कोण नाय!" हळूहळू पाड्यावरची पोरं त्याच्या आधीच ओरडू लागली. भाताची रोपं लावणाऱ्या, आवणी करणाऱ्या बाया चिखलात वाकल्या वाकल्या हसायच्या. लाडक्या तर पैज लावून त्याच्याबरोबर टेकडीपर्यंत पळायचा आणि वर पोचल्यावर दम लागलेला असतानाही शिव्या द्यायचा. मी तोपर्यंत शंभर एक घोषणा लिहिल्या असतील. भीती काढून टाकणारी अशी एकही घोषणा मला सुचली नव्हती.

मला मात्र एक गोष्ट सलत होती. मी ज्या घरात वाढलो तिथे बाराखडीच्या आधी पत्रकं आली. भाकरी, जमीन, मजुरी हे शब्द मी आईच्या मांडीवर ऐकले. वरोरहून वारल्यांच्या पाड्यांवर सुके बोंबील विकायला मच्छीमार येत असत, नथूदादाही यायचा. मी त्याला म्हटलं, "दादा, पळतोसच तर पाठीवर बोंबलांचं गाठोडं घेऊन पळ. सराव होईल आणि विक्रीही होईल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी घाण बोललो आहे.

"ते वेगळं, हे वेगळं," तो म्हणाला. "बोंबील विकायला येईन त्या दिवशी चालत येईन."

"पण मेहनत तीच ना?"

"कामरेड, शेठचा पोरगा टेनिस खेळतो, त्याला तू सांगतोस काय, चेंडूऐवजी नारळ मार, तेवढेच सोलून होतील म्हणून?"

मी त्या रात्री पत्रक लिहायला बसलो आणि लिहू शकलो नाही. गरिबाने गाळलेला घाम पोटासाठीच असतो, हे आम्ही इतक्या वेळा छापलं होतं की आम्हालाही ते खरं वाटू लागलं होतं. मालक तेच म्हणतो आणि आम्हीही तेच म्हणत होतो! राबणाऱ्या माणसाला निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी दमायचा हक्क आहे, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. नथूदादाने ते टेनिसच्या चेंडूवरून सांगितलं.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. जुनी काळी सायकल, चिखलपट्ट्या आणि साखळीचं झाकण काढून टाकलेलं. निम्म्या रस्त्यापर्यंत तो पुढच्या तिघांत होता. तेवढ्यात त्याला दिसलं की सगळ्यात पुढचा गडी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून झुडपाकडे तोंड करून उभा आहे. नथूदादाने करकचून ब्रेक मारला आणि उतरला.

"काय झालं, भाऊ? मदत पाहिजे?"

तो गडी लघवीला उभा होता. त्याने काम उरकलं, सायकलवर टांग मारली आणि निघून गेला. नथूदादा मागे राहिला तो राहिलाच. संध्याकाळी डहाणूत ही गोष्ट हॉटेलाहॉटेलात पसरली. हेडमास्तरांनी त्याला बोलावून विचारलं, "अहो, शर्यतीत थांबतात का असं?"

"सर, समुद्रात उभी होडी दिसली की आम्ही थांबतो. बंद पडली का, फुटली का, विचारल्याबिगर पुढं जात नाही कुणी."

"हा रस्ता आहे, समुद्र नाही."

"ते उतरल्यावर आठवलं," नथूदादा म्हणाला.

पुढची दोन वर्षं तो शर्यतीत दिसलाच नाही. कारण साधं होतं. त्यांची होडी डोलीच्या जाळ्याची, आणि हे जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं, मासळी जाळ्यात येते. अष्टमीच्या आगेमागे पाणी मंद होतं. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर. म्हणजे सव्वीस जानेवारी भांगात आली तर नथूदादा मोकळा, उधाणात आली तर समुद्रावर. एकोणसाठला उधाण आलं, साठलाही उधाण. आणि पंचांग चैत्रातच घरात येत असल्यामुळे हे त्याला पावसाळ्याआधीच माहीत असायचं.

तरीही दोन्ही पावसाळे तो पळाला, सायकल हाणली, टेकड्या चढला. उतरता येणार नाही हे छापून आलेल्या शर्यतीसाठी! वहिनी, म्हणजे त्याची बायको चंद्री, एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "पोरीला स्थळ नाही आणि हे हळद कुटत बसलेत."

"पोरीला स्थळ येईल तेव्हा हळद कुटलेली नको?" तो म्हणाला.

मराठी राज्य झालं त्या वर्षीचा पावसाळा त्याचा सगळ्यात जबरदस्त गेला. लाडक्या त्याला टेकडीवर गाठू शकेना. आशागडचा चढ तो गाणं म्हणत चढायचा. आणि पंचांगात सव्वीस जानेवारीला दशमी होती. ना धड भांग, ना धड उधाण. त्याच्या मामाचा रिवाज एकादशीनंतर जाळं टाकायचा. म्हणजे यंदा जमत होतं. तीन वर्षांनी जमत होतं.

हेडमास्तरांनी छातीवर लावायचा कापडी नंबर माझ्याकडे दिला आणि मी तो घेऊन शर्यतीच्या दोन दिवस आधी वरोरला गेलो. पोचलो तेव्हा किनाऱ्यावर होडीशेजारी पाचही खलाशी बसले होते आणि वातावरण बरं नव्हतं. मामा म्हणजे होडीचा तांडेल, तिचा प्रमुख, डाव्या कानाने कमी ऐकणारा आणि तेही सोयीप्रमाणे.

"परवा दशमीलाच जाळं टाकायचं," मामा म्हणत होता. "पौष सगळा रिकामा गेला. एकादशीची वाट बघत बसलो तर चुली विझतील."

"परवा सव्वीस तारीख आहे, मामा," नथूदादा म्हणाला.

"समुद्राला तारीख नसते."

पौष रिकामा गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं, नथूदादालाही. मग खलाश्यांपैकी एक जण म्हणाला, "जाऊ द्या त्याला. एक दिवस आम्ही चौघं ओढू."

"ओढाल. पण ह्याचा वाटा काय लावायचा?"

हा खरा प्रश्न होता. त्यांच्यात मासळीचे वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, मग माणशी एकेक. जो आला नाही त्याचाही रिवाज ठरलेला. आजारी असला किंवा घरात मयत असलं तर पूर्ण वाटा. लग्नाकार्याला गेला तर अर्धा. असाच बसून राहिला तर काही नाही.

"आजारी लावा," दुसरा खलाशी म्हणाला आणि सगळे हसले.

मामालाही ते पटलं. "आजारीच तर आहे! पावसात बायको सोडून डोंगरात पळणारा माणूस धड असतो काय? जा नथू, जा. आजाऱ्याचा पूर्ण वाटा मिळंल."

मला वाटलं, सुटला. मी पिशवीतून नंबर काढू लागलो.

"नको," नथूदादा म्हणाला.

"पूर्ण वाटा देतो म्हणतोय, ऐकू आलं ना?"

"ऐकू आलं. मी आजारी नाही, मामा. आजाऱ्याचा वाटा लावणार असाल तर मी परवा होडीवर येतो. शर्यत गेली तर गेली."

"मग काय लावू? मयत लावू?"

"शर्यत लावा."

"असा वाटा नसतो."

"लग्नाचा तरी कुणीतरी पहिल्यांदा लावलाच असंल."

मामाने बहिरा कान त्याच्याकडे केला. माझ्या तोंडात भाषण तयार झालं होतं. श्रम, विश्रांती, माणसाची प्रतिष्ठा, सगळं रांगेत उभं होतं. मी घसा खाकरला तशी चंद्रीवहिनीने मला हाताने गप्प बसवलं. ती टोपली घेऊन मागे उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

"मामा," ती म्हणाली, "तांडेल तुम्ही आहात. पण हा आजारी म्हणून राहिला आणि तलासरीला पळाला, तर परवा बाजारात बाया मला विचारतील, नवऱ्याला काय झालंय? मी काय सांगू? पळण्याचा रोग?"

"तूच म्हणतेस की तसं रोज."

"मी घरात म्हणते. तुम्ही वाट्यात लावताय."

हे मामाला लागलं. त्याने वाळू मुठीत घेतली, सोडली. बाकीच्या खलाश्यांकडे बघितलं.

"तुमचं काय?"

"आमचं काय, पाठ दुखंल," पहिला म्हणाला.

"संध्याकाळच्या भरतीला होडी येईल," मामा शेवटी नथूदादाला म्हणाला. "वर ओढायला पाच माणसं लागतात. त्या वेळेला इथं पाहिजेस. शर्यतीला गेलेला माणूस परत येतो. आजारी येत नाही. तेवढा फरक मला दिसला पाहिजे."

"येईन."

मी मनात रस्ता मोजला. डहाणूहून तलासरी, तिथून टेकडी, आणि मग उलटं वरोरपर्यंत, एका दिवसात.

शर्यतीच्या दिवशी मी मैदानात होतो. सायकलींमध्ये नथूदादा पाचवा आला. पुढच्या पोरांच्या सायकली हलक्या होत्या आणि वारा समोरून होता. त्याने सायकल टाकली, मला डोळ्यांनी ओळख दिली आणि चपला न घालता टेकडीकडे सुटला. वरची वाट मैदानातून अधूनमधून दिसते. पहिल्या वळणावर तो चौथा दिसला. दुसऱ्या वळणावर तिसरा. पाड्यांवरची सगळी माणसं टेकडीच्या अंगाला उभी होती, आणि लाडक्याच्या शिव्या खालपर्यंत ऐकू येत होत्या. "चल रे खाऱ्या पाण्याच्या! पाय उचल! आवण करतोस काय?"

उतारावर तो दुसऱ्याच्या शेजारून असा सुटला की त्या पोराने दचकून झाडाला धरलं. मैदानात शिरला तेव्हा पहिल्यात आणि त्याच्यात हाकेचं अंतर होतं. अजून थोडं मैदान असतं तर, असं मी लिहिणार नाही. मैदान जेवढं होतं तेवढंच होतं. तो दुसरा आला. पहिला आलेला बोर्डीकडच्या वाडीवाल्यांचा पोरगा, कॉलेजात जाणारा, चांगला होता. त्याने स्वतः होऊन नथूदादाचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही मागे आहात हे मला वासावरून कळलं," तो म्हणाला, आणि दोघे गुडघ्यांवर हात ठेवून हसत राहिले.

मग नथूदादाने सूर्याकडे बघितलं आणि सायकल उचलली.

"अहो, समारंभ आहे!" हेडमास्तर ओरडले. "पाहुणे आलेत! दुसऱ्या नंबरलाही बक्षीस आहे!"

"माझं पाणी भरायला लागलं असंल, सर."

छातीवर नंबर तसाच ठेवून तो डहाणूच्या रस्त्याला लागला. त्याचं बक्षीस, एक पितळी लोटा, हेडमास्तरांनी रागारागाने माझ्या हातात कोंबला. सायकली परत नेणाऱ्या ट्रकमधून मी डहाणूला आलो, आणि तिथून मिळेल त्या गाडीने वरोरला.

मी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. भरतीच्या पाण्यावर होडी आलेली होती आणि पाच माणसं तिला वर ओढत होती. मी दोनदा मोजली. चौघांच्या अंगावर ओली बंडी होती, पाचव्याच्या छातीवर नंबर.

मामाने वाटे लावायला घेतले. मासळी फार नव्हती, पण होती. होडीचा ढीग, जाळ्याचा ढीग, मग एकेका माणसाचं नाव घेत एकेक. शेवटचा ढीग त्याने हाताने सारखा केला, इतरांच्या ढिगांशी नजरेने ताडून पाहिला, एक बोंबील वाढवला आणि उभा राहिला.

"हा नथूचा," तो म्हणाला. "शर्यतीचा."

टोपल्या घेऊन आलेल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. कुणी हसलं नाही.

"कितवा?" मामाने विचारलं.

"दुसरा."

"पुढच्या वर्षी तिथी अकरा घरं पुढं सरकंल. भांग लागलेला असंल. तेव्हा दुसरा आलास तर बघतो तुला."

"तुम्ही कधी मोजलंत?"

"आज होडीवर चौघंच होतो. बसायला जागा होती."

त्यानंतर काही महिन्यांतच संघटनेने मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं आणि नथूदादा पुन्हा भेटला नाही. मला तो दिसतो तो त्या संध्याकाळचा. वाट्याजवळ वाकायला गेला, गुडघे वाकेनात, म्हणून तसाच वाळूत पाय पसरून बसला. चंद्रीवहिनीने टोपली भरायला घेतली. मी पिशवीतून लोटा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "कामरेड, ह्यात पाणी आण आधी."

मी जवळच्या घरातून लोटा भरून आणला. तो अर्धा प्यायला आणि मामाकडे दिला. मामाने दोन घोट घेऊन पुढे दिला. असा तो लोटा होडीवरच्या पाचही जणांच्या हातांतून फिरला. शेवटच्याने तळ झटकला. नथूदादा वाळूत हात टेकून, कण्हत, हसत उठला आणि होडीला टेकू लावायला गेला.